टिकली धनजच्या गल्लीत

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘‘वाशीम जिल्ह्यात? आणि तुमच्या त्या गाडीनं?’’ प्रत्येकाला सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी गाडी. ती लाल आहे, दोन माणसांची आहे आणि जमिनीला इतकी धरून चालते की रस्त्यात साबणाची वडी आडवी पडली असेल तर वरून जाते, उभी असेल तर थांबते. तिचं नाव टिकली. मी पुण्यात दातांची डॉक्टर आहे, वय छपन्न, आणि टिकलीतून बाहेर पडताना माझे गुडघे जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. गुडघ्यांच्या या बोलण्यामुळेच टिकली विकायचा विचार सुरू झाला होता. नाशिकचा एक सभ्य गृहस्थ दर आठवड्याला फोन करून ‘‘मग काय ठरलं, मॅडम?’’ असं विचारत होता.

दुसरा माणूस शिरीष. बांधकामवाला, माझा तीस वर्षांचा मित्र आणि रविवारी सकाळी घाटात गाड्या पळवून मिसळ खाणाऱ्या आमच्या टोळीतला सगळ्यात मोठा आवाज. त्यानं दोन वर्षांपूर्वी आपली चंदेरी स्पोर्ट्स कार विकली आणि एक महाकाय आलिशान एसयूव्ही घेतली. सहाशे घोड्यांची ताकद, पाठ चेपून देणाऱ्या खुर्च्या आणि सुटली की पोट मागच्या सीटवर राहतं असा वेग. तेव्हापासून दर रविवारी एकच भांडण. मी म्हणते ते जोरात पळणारं कपाट आहे. तो म्हणतो टिकली म्हणजे जोरात पळणारी चप्पल. टोळीत दोन तट पडले, मिसळी गार झाल्या, पण निकाल लागेना.

निकाल लावायची संधी मिलिंदच्या मुलीनं दिली. मिलिंद माझ्या दवाखान्यात बारा वर्षं दातांच्या कॅपा बनवायचा. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. मग तो आपल्या गावी परतला. गाव धनज, तालुका कारंजा. आता शेती बघतो आणि कारंज्यात छोटी लॅबही चालवतो. त्याची प्रज्ञा लहानपणी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तासन् तास टिकलीत बसून ‘घूँऽऽ’ करायची. एकदा मी भरात येऊन तिला म्हटलं होतं, ‘‘तुझ्या लग्नात ही गाडी तुझ्या दारात आणीन आणि तुला मांडवात नेईन.’’ ती होती दहा वर्षांची. कुणाला वाटलं पोरगी लक्षात ठेवेल?

जानेवारीत फोन आला. प्रज्ञा आता आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवते. ‘‘आत्या, फेब्रुवारीत लगन हाय माह्यं. शब्द लक्षात हाय नं?’’

शिरीषला हे कळलं आणि तो खुर्चीतून उठून नाचलाच. ‘‘तू! ती चप्पल घेऊन! धनजच्या गल्लीत!’’ पैज तिथंच लागली. टिकली प्रज्ञाच्या दारात पोचली नाही, तर मी ती नाशिकला विकायची आणि त्याच्यासारखं कपाट घ्यायचं. पोचली, तर त्यानं भर टोळीत कबूल करायचं की त्याची एसयूव्ही म्हणजे जोरात पळणारं कपाटच. पैज हसत लावली खरी, पण घरी आल्यावर मी पार्किंगमध्ये टिकलीजवळ बराच वेळ उभी होते. मला भीती वाटत होती.

मालेगाव

समृद्धी महामार्गाबद्दल काय लिहायचं? रस्ता लोण्यासारखा आहे. पण कायद्यानं एकशेवीसच्या वर जाता येत नाही, त्यामुळे त्याचे सहाशे घोडे, माझे तीनशे आणि शेजारची एक साधी भाड्याची टॅक्सी असे तिघे तासन् तास एका चालीनं गेलो. टॅक्सीचा ड्रायव्हर आमच्याकडे पाहून जे हसला ते मी विसरणार नाही.

मालेगावला शिरीषला भूक लागली म्हणून खाली उतरलो. हे मालेगाव वाशीमचं, जहांगीर. स्टँडजवळच्या हॉटेलात आलूबोंडा मागितला तर वर झणझणीत रस्सा ओतूनच आला. आम्ही पुण्यात वडा आणि रस्सा यांची ओळखही करून देत नाही. पहिल्या घासाला कानातून धूर, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला ‘‘अजून दोन द्या’’.

तोवर दोन्ही गाड्यांभोवती मोटारसायकलवाल्यांचं कोंडाळं झालं होतं. पांढऱ्या रुमालानं डोकं बांधलेल्या एका काकांनी टिकलीच्या काचेतून आत डोकावून पाहिलं.

‘‘मॅडम, मांगं कोन बसते?’’

‘‘मागे सीटच नाही, काका.’’

‘‘मंग दोघंच?’’

‘‘दोघंच.’’

काकांनी क्षणभर विचार केला. ‘‘म्हंजे नवराबायकोचं भांडन झालं तं सोडवाले कोनी नाई.’’

शिरीष खो खो हसला. मग काका त्याच्या गाडीकडे वळले. त्यानं उत्साहानं सहाशे घोडे, चारही चाकांना ताकद, चिखलासाठी वेगळं बटण असं सगळं सांगितलं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘इतली ताकद हाय तं मंग ट्रॉली कुठी जोडता?’’

‘‘ट्रॉली नाही जोडत.’’

‘‘नांगर?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मंग ताकद कायले लागते?’’

हा प्रश्न आमच्या टोळीत दोन वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. शिरीषनं आलूबोंडा तोंडात घातला आणि हात वर केले. मला इतकं हसू आलं की रस्सा नाकात गेला.

धनज

कारंजा ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना हरभरा सुरू झाला. तुरी निघालेल्या, काळी रानं मोकळी. ऊन सौम्य होतं. धनजच्या फाट्यावर मिलिंद स्वतः उभा होता, तसाच काटकुळा, आता मिशा पांढऱ्या. त्यानं आधी टिकलीच्या बॉनेटवर हात फिरवला, मग मला नमस्कार केला. हा क्रम मला बरोबर वाटला.

‘‘या डॉक्टर. घरात पस्तीस पावने हायेत. महिना झाला, पोरीसंग दोन शब्द बोलाले कोपरा भेटून नाई राह्यला. पन तुमच्यासाठी पंगतीत जागा ठेवली हाय.’’

फाट्यापासून मिलिंदच्या घरापर्यंतची गल्ली दोनशे पावलांची असेल. मी चालत जाऊन पाहून आले. असल्या बुटक्या गाड्या चालवणाऱ्यांची ही सवयच असते, आधी रस्ता पायानं चालायचा, मग गाडीनं. दोन स्पीडब्रेकर, तेही गावकऱ्यांनी स्वतः घातलेले, सिमेंट उरलं तेवढं सगळं वर चढवलेलं. एक आडवी नाली. आणि घरासमोर पाण्याचा पाइप पुरल्याचा उंचवटा. मी खिशातून मापाला आणलेली साबणाची वडी काढून पहिल्या स्पीडब्रेकरच्या शेजारी उभी केली. वडी त्याच्या निम्म्यालाही येईना.

शिरीष खिडकीची काच खाली करून म्हणाला, ‘‘नाचता येईना अंगण वाकडं!’’ आणि आपलं कपाट ऐटीत गल्लीत घालून, दोन्ही स्पीडब्रेकरांवरून राजासारखा डुलत, प्रज्ञाच्या दारात नेऊन उभं केलं. टाळ्या पडल्या. मी फाट्यावर टिकलीला टेकून उभी राहिले. खरं सांगते, रडू आलं होतं.

पण गर्वाचं घर खाली म्हणतात ते अगदी शब्दशः. मी चालत घराशी पोचले तोवर त्या टाळ्या शिरीषच्या डोक्यात गेल्या होत्या. घरामागे मिलिंदचा हरभरा, त्यात सकाळपासून तुषार सिंचन चाललेलं, आणि कडेनं ओली पडीक पट्टी. कुणीतरी कौतुकानं विचारलं, ‘‘यातून जाईन काय हो?’’ झालं. शिरीषनं चिखलाचं बटण दाबलं आणि सहाशे घोडे काळ्या मातीत सोडले.

वऱ्हाडातली काळी माती पुण्याच्या माणसाला माहीत नसते. ती सोडत नाही. चाकं गरगरली, माती आभाळात उडाली, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जायला लागली. शिरीष जितका जोर देई तितकी ती बसे. शेवटी चारही चाकं दिसेनाशी झाली आणि आतून एक गोड आवाज इंग्रजीत काहीतरी सूचना देत राहिला.

त्याला बाहेर काढलं हमीदभाईंनी. हे कारंज्याचे वेल्डिंगवाले, मिलिंदचे जिवाभावाचे दोस्त, मांडवाचे लोखंडी खांब लावायला ट्रॅक्टर घेऊन आले होते. त्यांनी दोर बांधला, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि गाडी उपटून काढली.

‘‘भाईजान, किती घोडे म्हने तुमचे?’’ हमीदभाईंनी कपाळ पुसत विचारलं.

‘‘सहाशे,’’ शिरीष पुटपुटला.

‘‘आपले पंचेचाळीस. पन समझदार हायेत.’’

मग मी हसले. इतकी हसले की पाहुण्या बायका मला धरून बसल्या. शिरीषही हसला, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत हरभऱ्याचा पाला. त्या क्षणी आम्ही दोघं सारखेच हरलेलो होतो, आणि तीस वर्षांच्या मैत्रीत तो मला इतका कधी आवडला नव्हता. पण टिकली अजून फाट्यावरच होती.

जेवायला वांग्याची भाजी, वरण-भात, जाड पोळ्या आणि ताटाच्या कडेला एक लाल गोळा, जो मी चटणी समजून बोटभर घेतला. तो ठेचा होता. त्या परिस्थितीत प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. हाताला हळद, पण नखांत अजून ग्रीस.

‘‘आत्या, काहून तोंड पाडून राह्यल्या? नाई आली दारात तं नाई. मी फाट्यापावतो चालत येईन.’’

‘‘शब्द दारापर्यंतचा होता,’’ मी म्हणाले. डोळे पुसले. ठेचा होता म्हणून कुणाला कळलं नाही.

मिलिंद समोर बसून ऐकत होता. तो ताटात हात तसाच ठेवून म्हणाला, ‘‘डॉक्टर, कॅप उंच लागली तं आपन काय करतो?’’

आता ज्यांनी दातावर कॅप बसवून घेतली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवी कॅप बसवली की आम्ही मध्ये निळा कागद ठेवतो आणि ‘चावा’ म्हणतो. जिथं उंच लागतं तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा चावा. मिलिंदनं आयुष्यभर हेच केलं होतं.

‘‘गल्ली चावून पाहू,’’ तो म्हणाला.

उजेड होता तोवरच कामाला लागलो. टिकलीच्या पोटाची उंची मोजली. हमीदभाईंनी एका रुंद फळीला दोन्ही बाजूंनी ठेल्याची चाकं अशी बसवली की फळीचा तळ बरोबर टिकलीच्या पोटाच्या उंचीवर आला. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ घरात भरपूर होती, उद्या बौद्ध पद्धतीचं लग्न, सगळ्यांना पांढरं नेसायचं होतं. ती कालवून मिलिंदनं फळीच्या तळाला फासली. आणि आम्ही तिघं, एक दातांची डॉक्टर, एक दंततंत्रज्ञ आणि एक वेल्डिंगवाला, ती फळी ढकलत गल्लीतून निघालो.

जिथं टेकली तिथं निळा डाग. मातीचा उंचवटा असेल तर फावड्यानं तासायचा. सिमेंटचा असेल तर पुढंमागं मुरूम टाकून चढ लांब करायचा. नालीवर हमीदभाईंच्या लोखंडी पट्ट्या. पुन्हा नीळ, पुन्हा फळी. सुरुवातीला लोक ओट्यांवर बसून हसत होते. तिसऱ्या फेरीला निम्मी गल्ली फावडी घेऊन उतरली होती. चिखलानं माखलेला शिरीष घमेली वाहत होता, पैज हरायला मदत करत होता, आणि ओरडून सांगत होता, ‘‘डावीकडं अजून लागतंय! मिलिंदराव, डावीकडं!’’

सकाळी शेवटची फेरी मारली. निळे डाग गल्लीभर राहिलेच. रमाकाकू नावाच्या शेजारीणबाईंनी कमरेवर हात ठेवून ते पाहिले. ‘‘अर्धवट काहून ठेवलं? रंगवाचंच तं नीट रंगवा,’’ म्हणाल्या, आणि बायकांनी प्रत्येक डागाभोवती पाकळ्या काढल्या. दोनशे पावलांची गल्ली, सगळी निळ्या फुलांची. मी एवढा सुंदर रस्ता कुठल्याही घाटात पाहिलेला नाही.

मांडव

टिकली फाट्यावरून निघाली तेव्हा गाव दोन्ही बाजूंना उभं होतं. पहिला स्पीडब्रेकर, तिरकी, पोहे निवडावेत तसं हळू. पार. नाली, पार. दुसरा, पार. घरासमोरच्या पाइपाशी मात्र खालून ‘खर्रर्र’ आवाज आला आणि मी ब्रेक दाबला.

मिलिंद जमिनीवर आडवा झाला, खाली बोट घालून पाहिलं आणि उठला. त्याचा चेहरा मी ओळखते. चूक सापडली की तो असा दिसायचा.

‘‘डॉक्टर, आपन रिकाम्या गाडीचं माप घेतलं.’’

म्हणजे असं की पेशंटला खुर्चीत न बसवताच आम्ही चावा पाहिला होता. टिकलीत माणूस बसलं की ती बसते, आणि मी काही काटकुळी नाही. मी दारापर्यंत कशीबशी पोचले, एका ओरखड्यावर. पोचले! टाळ्या, शिट्ट्या, रमाकाकूंनी काढलेली नजर. शिरीषनं मला गाडीतून ओढून बाहेर काढलं आणि मिठीच मारली. ‘‘कबूल!’’ तो ओरडला. ‘‘रविवारी सगळ्यांसमोर कबूल!’’

पण मांडव शाळेच्या पटांगणात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुन्हा याच उंचवट्यावरून जायचं. आणि आता मी अधिक प्रज्ञा. हिशेब सगळ्यांच्या लक्षात एकदम आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले, नंतर सभ्यपणे दुसरीकडे.

सोळा वर्षांत टिकलीची चावी मी कुणाला दिलेली नाही. नवऱ्याला नाही, शिरीषला तर स्वप्नातही नाही. दारात प्रज्ञा उभी होती, पांढरी साडी, निळा काठ, मोगरा. माझ्याहून निम्म्या वजनाची आणि गाड्यांमधलं माझ्याहून दुप्पट कळणारी.

‘‘घे,’’ मी म्हणाले. चावी तिच्या हातात ठेवली. ‘‘शेजारी कोण? हलकं माणूस पाहिजे.’’

रमाकाकू पुढं सरसावल्या आणि स्वतःच मागं झाल्या. दोन मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. गल्लीतलं सगळ्यात हलकं माणूस नीळ लागलेली बोटं धोतराला पुसत कोपऱ्यात उभं होतं. मिलिंद.

गाडी पाइपावरून गेली, वाऱ्यासारखी, आवाज नाही. निळ्या फुलांवरून सावकाश फाट्याकडे गेली, आम्ही सगळे मागून चालत, बँड पुढं. फाट्यावर उजवीकडे वळलं की शाळा. टिकली डावीकडे वळली.

बँड थांबला. मग तो आवाज ऐकू आला, जो ऐकण्यासाठी मी ही गाडी घेतली होती. दुसरा गिअर, तिसरा. लाल ठिपका कारंज्याच्या रस्त्यानं हरभऱ्यातून लहान लहान होत गेला.

‘‘नवरी पयाली!’’ कुणीतरी ओरडलं.

‘‘बापासंग कोनी पयते काय?’’ रमाकाकू म्हणाल्या.

मांडवात नवरदेव घड्याळ बघत उभा, बुद्धवंदनेसाठी मंडळी बसलेली. दहा मिनिटं गेली. शिरीष माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘‘माझ्या गाडीतून नेली असती तर मागे तीन मावश्या बसल्या असत्या.’’ दोन वर्षांच्या भांडणात त्यानं केलेला हा एकमेव योग्य युक्तिवाद, आणि तो माझ्या बाजूनं होता.

टिकली परत आली. प्रज्ञा हसत उतरली आणि थेट मांडवात गेली. मिलिंद बसूनच राहिला. मी खाली वाकले. गुडघे बोलले, मी ऐकलं नाही. त्याचे डोळे लाल होते.

‘‘काय म्हणाली रे?’’

‘‘काई नाई, डॉक्टर.’’ मग जरा थांबून, ‘‘थे म्हने, ‘बाबा, मी क्लच दाबतो, गिअर तुमी टाका.’ मले गाडी येत नाई, तिले मालूम हाय. तरी टाकाले लावले. हात धरून. चार टाकले, डॉक्टर. चारही.’’

आम्ही पुण्याला परतलो. शिरीषनं रविवारी सगळ्यांसमोर कबुली दिली आणि मिसळीचं बिलही. नाशिकच्या गृहस्थाचा फोन आला. ‘‘मग काय ठरलं, मॅडम?’’ टिकलीच्या गिअरच्या पांढऱ्या मुठीवर नीळ लागलेली आहे, चार बोटं आणि एक अंगठा. गाडी विकायची तर ती पुसावी लागेल. मी त्याला नाही म्हणून सांगितलं.